कॉम्प्युटर कोणाच्या हातात?

(वर्धा जिल्ह्यातल्या स्त्री-संघटना आणि समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडे संपादित केले आहे.)



सकाळच्या सत्रात पोटगीच्या अंमलबजावणीवर इतकी तापलेली चर्चा झाली, की त्यानंतर कॉम्प्युटरवर बोलायला उभे राहताना थोडा संकोच वाटतो आहे. त्यात जेवणानंतरची वेळ, आणि विषयाचे नाव 'लिनक्स'. कार्यक्रमपत्रिकेत हा शब्द वाचून आर्वीच्या एका ताईंनी मला विचारलेच, "हे नवीन औषध होय का जी?" औषध नाही. पण दुखणे आपल्या सगळ्यांच्या ऑफिसातले आहे, म्हणून हा विषय मी मागून घेतला. मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. झालेली, केसवर्क करणारी बाई आहे. गेल्या काही महिन्यांत आमच्या केंद्रात आम्ही जे करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

आमच्याकडे तीन कॉम्प्युटर आहेत. दोन टेबलावरचे, त्यातला एक बारा वर्षांचा आणि देणगीत आलेला, आणि एक लॅपटॉप. तिन्हींवर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. थांबवले म्हणजे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असे नाही. दाराची कडी सैल झाली तर आता सुतार येणार नाही, असा त्याचा अर्थ. कंपनीने एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती घेतली तरी पुढे तोच प्रश्न. विंडोज ११ टाकायचे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक यंत्रे त्या यादीत बसत नाहीत. म्हणजे चांगले चालणारे यंत्र मोडीत काढायचे आणि नव्यासाठी कोणाकडे तरी प्रस्ताव लिहायचा.

आता एक प्रश्न विचारते. उत्तर मोठ्याने देऊ नका. तुमच्या ऑफिसातले विंडोज विकत घेतलेले आहे, की कोणीतरी 'टाकून दिलेले' आहे? (हशा) हसलात, म्हणजे उत्तर कळले. विकत घ्यायला गेले तर एका कॉम्प्युटरमागे दहा हजारांच्या आसपास पडतात. कॉपीराइट कायदा १९५७, त्याचे कलम ६३-ब सांगते की चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. एरवी हे कलम कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पण आपण कोणाविरुद्ध उभ्या राहतो ते आठवा. एखाद्या वजनदार माणसाच्या मुलावर पूर्वीच्या ४९८-अ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, तक्रार करायला आपण एखाद्या सुनेसोबत ठाण्यात जातो. तेव्हा समोरची माणसे आपल्या ऑफिसात काय काय सापडते ते शोधू लागतात. त्यांच्या हातात हे आयते कोलीत कशाला द्यायचे?

तरी पैसा आणि कायदा हा माझ्या मते दुय्यम भाग आहे. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने.

दोन वर्षांपूर्वी आमचा मोठा कॉम्प्युटर चालू होईना. मी त्या दिवशी सेलूला बचत गटांच्या बैठकीला होते. नेहमीचा दुरुस्तीवाला आला, "दुकानात न्यावा लागेल" म्हणाला आणि डबा उचलून घेऊन गेला. असेच होत आले होते. कॉम्प्युटर बिघडला की डबा दुकानात. या वेळी तो तीन दिवस तिकडे होता. त्या डब्यात आमच्या सगळ्या केसेस होत्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे घटना अहवाल, बायकांची निवेदने, माहेरचे पत्ते, सासरच्यांपासून लपवून ठेवलेले फोन नंबर, दोन मुलींच्या वैद्यकीय तपासणीचे कागद. त्याच आठवड्यात तारखेची चौकशी करायला एक बाई आल्या. रिकामे टेबल पाहून त्यांनी विचारले, कॉम्प्युटर कुठे गेला? आम्ही दुकानाचे नाव सांगितले. त्या जागीच बसल्या. म्हणाल्या, "त्या दुकानात माह्या दिराचा पोरगा बसते. माहं सारं त्याच्यात आहे का जी?"

त्या पोराने काही उघडून पाहिले की नाही, हे कळायला मार्ग नाही. पाहिलेही नसेल. पण आम्ही त्या बाईंना 'नाही' म्हणून सांगू शकलो नाही. आपण लोखंडी कपाटाला कुलूप लावतो, किल्ली कमरेला खोचतो, आणि तेच कागद एका डब्यात घालून बाजारात पाठवतो. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत आपण प्रत्येकीला सांगतो, 'इथे बोललेले इथेच राहील.' त्या वाक्याची जबाबदारी कोणाची?

तिथून आमचा शोध सुरू झाला. हे यंत्र आपल्याला स्वतःला उघडता, लावता, दुरुस्त करता येईल का, असा.

लिनक्स म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगते. कॉम्प्युटरला वीज मिळाली की तो नुसता डबा असतो. त्याचा पडदा, कळफलक, फाइली, प्रिंटर यांना एकमेकांशी जोडून कामाला लावणारी जी व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली आणि ती एका कंपनीच्या मालकीची. तिच्या आत काय लिहिले आहे ते कंपनी दाखवत नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' नावाचे काम जाहीर केले. कार्यप्रणाली कोणीही वापरावी, आतून वाचावी, बदलावी, वाटावी, आणि वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत, अशी त्यामागची भूमिका. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी १९९१ मध्ये अशाच एका प्रणालीचा गाभा लिहू लागला. ही दोन कामे एकत्र आली आणि आपण जिला लिनक्स म्हणतो ती तयार झाली. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे लिनक्स आपल्याकडे आधीच आलेले आहे, फक्त ओळख करून दिलेली नाही.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मोठा घोळ होतो. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. आपल्याला स्त्रीमुक्तीवाल्या म्हणतात, स्त्रीफुकटवाल्या म्हणत नाहीत. (हशा) हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. लिनक्स बहुतेक वेळा फुकट मिळते हे खरे, पण महत्त्वाचे आहे ते मुक्त असणे. आपल्या कापसाच्या पट्ट्यात हे बियाण्याच्या भाषेत चांगले कळते. आजी गाडग्यात राख घालून बियाणे ठेवायची, शेजारणीला ओंजळभर द्यायची, आणि ती पेरायला आजीची परवानगी लागायची नाही. आता संकरित बीटी कापसाचे पाकीट दर हंगामाला विकत आणावे लागते. लिनक्सचा परवाना गाडग्यातल्या बियाण्यासारखा आहे. आणि बियाण्यासारखेच त्याचे पुष्कळ वाण आहेत. उबुंटू २००४ पासूनचे, मिंट २००६ पासूनचे. आपल्या सरकारच्या सीडॅक संस्थेने भारतीय भाषांसाठी २००७ मध्ये काढलेले 'बॉस' आहे. आम्ही मिंट निवडले, कारण ते पाहिले की विंडोज वापरणारीला घर बदलल्यासारखे वाटते, गाव बदलल्यासारखे वाटत नाही. २०२४ मध्ये निघालेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या आहेत, हेही एक कारण.

आता करून कसे पाहायचे ते सांगते. यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी की विंडोजला हात न लावता लिनक्स वापरून पाहता येते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यायचा. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. ती उतरवून घ्यायची आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही, ती त्या प्रोग्रामनेच चढवावी लागते. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे यात पुसले जाते, तेव्हा तो रिकामा असावा. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा आणि कंपनीचे नाव पडद्यावर येताच एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप, ही कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहायची. एक यादी येते, त्यातून पेन ड्राइव्ह निवडायचा. दोन-तीन मिनिटांत पडदा समोर येतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, फाइलींचे कपाट, फायरफॉक्स, आणि वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस. सगळे पेन ड्राइव्हवरून चालते, म्हणून जरा सावकाश. वाय-फाय लागतो का पाहा, आवाज येतो का पाहा, प्रिंट निघते का पाहा. नाही आवडले तर बंद करा, पेन ड्राइव्ह काढा. तुमचे विंडोज जिथल्या तिथे असते. फक्त पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' या चित्रावर मनाची तयारी झाल्याशिवाय क्लिक करायचे नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चौघी लॅपटॉपभोवती बसलो. कळ कोणी दाबायची यावरूनच पाच मिनिटे गेली. आमच्या लेखनिक ताई वीस वर्षे टायपिंग करतात, गावात सरपंचाला खडे बोल सुनावतात, आणि त्याच हात मागे घेत होत्या. "मी दाबलं अन् जळलं त?" मला या वाक्याचा पुढे फार विचार करावा लागला. ही भीती जन्माची नाही. घरात टीव्ही बिघडला, मोटर बिघडली, की 'तू हात लावू नको' हेच बाईने आयुष्यभर ऐकलेले असते. ऑफिसात यंत्र आले की त्याचबरोबर एक पोरगा येतो, आणि बाईने त्याला फोन करायचा असतो. तंत्रज्ञानाचे ज्ञान आणि बाई यांच्यामध्ये कायम एक पुरुष मध्यस्थ उभा असतो. वीज मंडळात, बँकेत, मोबाइलच्या दुकानात, सगळीकडे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स पाहण्याचा मोठा फायदा हा झाला, की काही बिघडणार नाही याची खात्री होती आणि म्हणून प्रत्येकीने हात लावला. तिसऱ्या दिवशी लेखनिक ताईंनी मला कळ दाखवली.

टायपिंग हा मोठा अडथळा असेल असे वाटले होते. आपल्याकडे तीन पिढ्यांच्या बायका एका ऑफिसात असतात. जुन्या ताई टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेल्या. मधल्या इनस्क्रिप्टवाल्या; ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आलेली आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकसारखी. धाकट्या मुली फोनवरच्या सवयीने इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या. लिनक्समध्ये आयबस नावाच्या सोयीतून मराठीसाठी या तिन्ही तऱ्हेच्या मांडण्या मिळतात. प्रत्येकीने आपली निवडायची. उमटते ते सगळे युनिकोडच. एकीने टाइप केलेले दुसरीच्या कॉम्प्युटरवर, फोनवर, तसेच दिसते. तरी पहिल्या आठवड्यात लेखनिक ताईंचा वेग निम्म्यावर आला होता, आणि मासिक अहवाल तोंडावर. तेव्हा त्या मला काय म्हणाल्या ते इथे सांगत नाही. (हशा)

गंमत अशी, की सर्वांत जास्त अडखळल्या त्या आमच्या एमएस-सीआयटी झालेल्या मुली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या या कोर्सने महाराष्ट्रात गावोगावच्या मुलींना कॉम्प्युटरसमोर बसवले. हे काम मोठेच आहे. पण तिथे कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड, असेच शिकवले गेले. बटन डावीकडे वरच्या कोपऱ्यात, हे पाठ. बटन सरकले की ज्ञान संपले. उलट ज्यांनी आधी काहीच शिकलेले नव्हते त्यांना तुलना करायला काही नव्हते. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट म्हणून गाव आहे. तिथल्या लहानशा शाळेत २००७ मध्ये प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याचा प्रयोग सुरू झाला, देशातला पहिला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालणारे होते. त्या मुलांनी विंडोज पाहिलेलेच नव्हते, तेव्हा त्यांना लिनक्स 'वेगळे' वाटायचे कारण नव्हते. केरळमध्ये तर सरकारी शाळांतल्या शिक्षिका गेली कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात. अवघड काय असते ते त्यावरून ठरवावे. नवे शिकण्यापेक्षा जुनी सवय मोडायला जास्त वेळ लागतो.

आता काय जमले नाही तेही सांगते, नाही तर तुम्ही घरी जाऊन मला फोन कराल. झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात दिसतो तो छोटा लेझर प्रिंटर आमच्याकडे आहे. त्याने आमचे आठ दिवस खाल्ले आणि शेवटी आम्ही त्याला विंडोजच्याच कॉम्प्युटरला बांधून ठेवले. दुसऱ्या कंपनीचा जुना प्रिंटर मात्र वायर लावताच चालू झाला. म्हणून म्हणते, आधी पेन ड्राइव्हवरून प्रिंट काढून पाहा. हिशेबाची टॅली विंडोजवरच चालते. काही सरकारी नमुने एक्सेलमध्ये असतात आणि त्यांच्या पोटात मॅक्रो असतात. ते लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. डिजिटल सहीच्या किल्लीचीही कटकट झाली. म्हणून नव्यातल्या नव्या कॉम्प्युटरवर आम्ही विंडोज ठेवले आहे, रीतसर विकत घेतलेले. त्यावर फक्त हिशेब आणि सरकारी फॉर्म. एकाही केसचा कागद त्यावर जात नाही. मला काही मित्र सांगतात की हा तत्त्वाशी तडजोड करण्याचा प्रकार आहे. त्यांना ऑडिट करून घ्यायचे नसते.

आणखी एक खर्च आहे, तो कोणी धरत नाही. लिनक्स फुकट, पण ते शिकायला लागलेला वेळ कोणाचा? आमच्याकडे तीन आठवडे दोघी संध्याकाळी दीड-दोन तास जास्त बसल्या. घरी जाऊन त्यांना स्वयंपाक चुकलेला नव्हता. आपण बायकांच्या बिनमोल श्रमांवर परिसंवाद घेतो आणि आपल्याच संस्थेत 'शिकून घे गं, तुझ्याच फायद्याचं आहे' म्हणतो. आम्ही ते तास हजेरीच्या वहीत कामाचे तास म्हणून लिहिले आणि त्यांना बदली रजा दिली. देणगीदाराच्या नमुन्यात त्याला रकाना नाही. आम्ही तो हाताने आखून पाठवला.

या सगळ्या खटाटोपात एक जुनी गोष्ट मार्गी लागली, ती सांगते. देवळी तालुक्यातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. बावीस वर्षांपूर्वी केंद्राने त्यांच्या आणि नवऱ्याच्या कुटुंबात समझोता घडवून आणला होता. एक एकर आणि घराची पडवी त्यांच्या नावे करून देऊ, असे सासरच्यांनी लिहून दिले होते. मूळ कागद दिराने फाडला. आमच्या कपाटातली प्रत वाळवीने खाल्ली. एका सीडीवर तो मजकूर होता, पण उघडला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टची आपापली गुप्त लिपी होती. 'क' च्या जागी कोणते इंग्रजी अक्षर ठेवायचे ते बनवणारा ठरवायचा, आणि तो फॉन्ट नसेल तर मजकूर मेला. बारा वर्षांच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला सीडीची खाच होती. सीडीच्या एका कोपऱ्यात फॉन्टची फाइल सापडली, ती मिंटमध्ये उघडून बसवली आणि मजकूर वाचता आला. हे विंडोजवरही झाले असते, हे प्रामाणिकपणे सांगते. प्रश्न लिनक्स की विंडोज एवढाच नाही. आपले लिखाण कोणाच्या लिपीत ठेवले आहे, हाही आहे. त्या प्रतीवर सह्या नव्हत्या, पण साक्षीदारांची तीन नावे होती. तिघांपैकी दोघे अजून गावात आहेत. दावा लागला आहे, पाहू. आपल्या अनेक गटांची १९९० च्या दशकातली पत्रके, अंक, सर्वेक्षणे अशाच गुप्त लिप्यांत फ्लॉपी आणि सीडीवर पडून आहेत. ती युनिकोडमध्ये आणायला आता कोणीतरी बसले पाहिजे. सीडी दर वर्षी खराब होत चालल्या आहेत.

कुलपाकडे येते. मिंट बसवताना 'पूर्ण डिस्क पुसून बसवा' हा मार्ग घेतला, तर पुढे बारीक अक्षरांत डिस्क कूटबद्ध करण्याची सोय असते. ती घेतली की कॉम्प्युटर चालू होताना एक परवलीचे वाक्य मागतो. ते दिल्याशिवाय डिस्कवरचे काहीही वाचता येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी नाही. आमच्या केसेसच्या कॉम्प्युटरला आणि लॅपटॉपला हे केले आहे. आता डबा दुकानात गेला तरी दिराचा पोरगा फार तर पंखा साफ करू शकेल. पण ध्यानात ठेवा, ते वाक्य विसरले तर आपल्यालाही काही मिळत नाही. कोणी कंपनी नाही, कोणी भाऊ नाही. म्हणून आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्या उघडतात का तपासून, ती डिस्क कपाटात ठेवायची. ती डिस्कही अशीच कुलूपबंद करायची. परवलीचे वाक्य दोघींना माहीत असावे आणि बंद लिफाफ्यात असावे. ते घरी सांगायचे का, असा प्रश्न आमच्या एका कार्यकर्तीने विचारला. तिचा नवरा तिचे फोनचे कुलूपही विचारतो. आमचा ठराव झाला, की संस्थेचे वाक्य संस्थेबाहेर जाणार नाही, आणि घरी कोणी विचारले तर त्या ठरावाकडे बोट दाखवायचे. तिला तेवढा आधार पुरला. आणि कुलूप लावले म्हणजे बेफिकीर झालो असेही नको. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायचे, ते विषाणू लिनक्सवर चालत नाहीत. पण फसवी लिंक आणि ओटीपी मागणारा फोन कुठेही येतो.

वर्ध्यात भाषण करायचे आणि चरख्याचे नाव घ्यायचे नाही, हे अवघड आहे. मी टाळणार होते. पण एक खरी गोष्ट आठवली. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, झोपडीत चालावे, बाईला सलग आठ तास फार दम न लागता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या थोड्याशा टक्क्यांत भागावा. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र घेताना कोणते प्रश्न विचारायचे, ते त्या यादीत आहे. कोण चालवणार, तिला किती कष्ट पडणार, बिघडले तर कोण दुरुस्त करणार. कॉम्प्युटर घेताना आपण रॅम किती, एवढेच विचारतो.

आता कडू भाग. मुक्त म्हटले म्हणून ते जग बायकांसाठी मोकळे आहे असे समजू नका. २००६ च्या एका युरोपीय अभ्यासात मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांत बायका जेमतेम दीड टक्का आढळल्या. मालकीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत त्या काळी त्या याच्या कितीतरी पट होत्या. त्याच वर्षी ग्नोम या मोठ्या प्रकल्पाकडे उन्हाळी कामासाठी दोनशेच्या आसपास अर्ज आले आणि त्यात एकही बाई नव्हती. त्यातून बायकांना मानधन देऊन कामात आणणारा उपक्रम सुरू झाला, तो पुढे 'आउटरीची' नावाने वाढला. टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना केलेल्या शिवराळ बोलण्याबद्दल २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली. स्टॉलमन यांना २०१९ मध्ये एप्स्टीन प्रकरणासंबंधी लिहिलेल्या ईमेलवरून टीका झाल्यावर स्वतःच स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडावे लागले. २०२१ मध्ये ते तिच्या मंडळावर परत आले. आपण ज्यांचा विचार घेतो त्यांचे वागणेही तपासतो, ही आपल्या चळवळीची जुनी सवय आहे. ती इथेही सोडायची नाही. परवाना चांगला आहे म्हणून तो घेतला. माणसांच्या पाया पडायचे कारण नाही.

पण या मुक्तपणाचा एक भाग आपल्या हातात आहे, तो भाषेचा. लिनक्सचे मेनू, सूचना, मदत हे सगळे मराठीत आणायचे काम महाराष्ट्रातल्या स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांतल्या भाषांतरकारांनी केले आहे. रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. हे भाषांतर अर्धेमुर्धे आहे. आम्ही मराठी मेनू लावून पाहिला तेव्हा काही शब्द इतके बोजड होते, की लेखनिक ताई म्हणाल्या, "याच्यापक्षा इंग्लिश बरं." हे शब्द बदलता येतात. कोणीही नवा शब्द सुचवू शकते. बाया ऑफिसात, शेतात, बचत गटात जे शब्द वापरतात ते तिथे पोचले पाहिजेत, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

वेळ संपत आली आहे, संयोजक घड्याळ दाखवताहेत. मागच्या टेबलावर आमचा लॅपटॉप लावून ठेवला आहे, त्यावर मिंट आहे. पाच पेन ड्राइव्ह तयार करून आणले आहेत. ज्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला आहे त्यांनी चहानंतर तिकडे यावे, आपण त्यावरच चालू करून पाहू. 'इन्स्टॉल' आज कोणी दाबायचे नाही. पेन ड्राइव्ह तालुक्याला एक असा घेऊन जा आणि पुढच्या बैठकीला परत आणा, सोबत तुमच्याकडे कोणता प्रिंटर चालला आणि कोणता नाही त्याची यादी लिहून आणा. ती यादी सगळ्यांना लागणार आहे.

हिंगणघाटच्या ताईंनी केव्हाचा हात वर केला आहे. त्यांच्याकडे माइक द्या.